शिदोरी, डबा आणि भाकरीचा प्रश्न

मराठीत 'शिदोरी' हा शब्द आज मुख्यतः लाक्षणिक अर्थाने जिवंत आहे. आठवणींची शिदोरी, संस्कारांची शिदोरी, अनुभवांची शिदोरी असे प्रयोग भाषणांत आणि प्रस्तावनांत सर्रास आढळतात. फडक्यात बांधलेली खरीखुरी शिदोरी मात्र बोलण्यातून जवळजवळ गेली असून तिची जागा 'डबा' या शब्दाने घेतली आहे. वस्तू बदलली म्हणून शब्द बदलला, असे वरवर पाहता वाटेल. परंतु या दोन शब्दांमागे खाण्याच्या दोन निरनिराळ्या परिस्थिती आहेत. शिदोरी ही वाटेवरच्या माणसाची. ती कुठे सोडायची हे घरून निघताना ठरलेले नसते. विहीर दिसली, झाडाची सावली मिळाली की ती सुटते. डब्याला मात्र पोहोचण्याचे ठिकाण असते. कचेरी, कारखाना, शाळा असे कुठले तरी छप्पर आणि जेवणाची ठरलेली वेळ त्यात गृहीत असते.

मुंबईच्या उपनगरांत आज असंख्य माणसे दिवसभर रस्त्यावर राहून काम करतात. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, रिक्षाचालक, विमा आणि वसुलीची कामे करणारे, यंत्रांची दुरुस्ती करत हिंडणारे, आरोग्यसेविका, खाद्यपदार्थ घरपोच नेणारे मोटारसायकलस्वार अशी ही यादी वाढवता येईल. त्यांच्याजवळ असतो तो डबा, पण खातात ते शिदोरीसारखे : थंड, मिळेल तिथे, मिळेल तेव्हा. त्यातच अलीकडे डॉक्टरांचा सल्ला येतो, की पोळी, भात, पाव कमी करा. पिष्टमय पदार्थ आवरा. थंड खायचे, वाटेवर खायचे आणि शिवाय पिष्ट टाळून खायचे, हा तिहेरी पेच दिसायला खाजगी आणि आरोग्याच्या सदरातला आहे. त्याचा इतिहास शोधू लागले की मात्र तो धर्मशास्त्र, रेल्वे, रेशन, कामगार कायदे आणि भाषा अशा अनेक दारांतून आपल्याला नेतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा इतिहास आहे.

१

जुन्या शिदोरीत काय असे? भाकरी, कांदा, ठेचा किंवा चटणी. लांबचा प्रवास असेल तर दशम्या, लाडू, लाह्या, पोहे, सातूचे पीठ. लोककथेतली आई मुलाच्या हाती तहानलाडू आणि भूकलाडू देते. या साऱ्या पदार्थांत समान धागा पाण्याच्या अभावाचा आहे. अन्न नासते ते ओलाव्याने. धान्य भाजले, फुलवले, दळून तुपागुळात वळले की ते दिवसेंदिवस टिकते. प्रथिनांनी युक्त असे आपले बहुतेक पदार्थ, म्हणजे वरण, उसळ, दूध, ओले मासे, हे ओले असतात आणि आपल्या हवेत काही तासांतच आंबू लागतात. प्रवासाचे अन्न पिष्टमय झाले याला म्हणून कोणाची आवड जबाबदार नव्हती; हवामान आणि साठवणीचे साधे गणित त्यामागे होते.

या गणिताला शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांचे पाठबळ मिळाले. पाण्यात शिजवलेले अन्न ते खरकटे. दुधात भिजवलेले किंवा तुपात तळलेले तसे नव्हे, अशी ही समजूत. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचे ते एवढ्यासाठीच. ती मऊ राहते आणि टिकते हा लाभ होताच, शिवाय सोवळेओवळे पाळणाऱ्याला ती वाटेत खाता येई. ज्याला तेही चालत नसे तो कोरडा शिधा बरोबर नेई आणि मुक्कामावर स्वतःच चूल मांडी. कोणी शिजवले, कोणाच्या पाण्याने शिजवले, कोणाच्या देखत खाल्ले हे प्रश्न शिदोरीच्या गाठीतच बांधलेले होते. आपल्याकडच्या प्रवासी अन्नाचा इतिहास हा जातिव्यवस्थेच्या इतिहासाचाही एक अध्याय आहे, हे विसरून चालत नाही.

थंड अन्नाविषयीची आपली नावड याच परंपरेतून येते. गीतेच्या सतराव्या अध्यायात प्रहर उलटून गेलेले, नीरस, शिळे अन्न तामसांना प्रिय म्हटले आहे, आणि ज्ञानेश्वरीच्या सतराव्या अध्यायात त्याचे विवरण येते. 'शिळे' हा शब्द मराठीत अन्नाइतकाच विचारांना, बातम्यांना आणि विनोदांनाही लावला जातो, आणि कुठेही तो स्तुतीचा नसतो. परंतु त्याच परंपरेने थंड अन्नाला दोन सन्मानाच्या जागाही दिल्या आहेत. श्रावणातल्या शितळा सप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी केलेले थंडच खायचे, असा प्रघात आहे. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत हा दिवस आजही पाळतात. दुसरी जागा गोपाळकाल्याची. सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडायच्या, एकत्र कालवायच्या आणि वाटून खायच्या. वारकरी संप्रदायात काल्याला जे स्थान आहे त्याचा आधार हेच थंड, घरोघरचे, एकमेकांत मिसळलेले अन्न होय. जेवताना वेगळे बसण्याचा नियम ज्या समाजात एवढा कडक होता, तिथे शिदोऱ्या एकत्र करणे हे लहानसहान कृत्य नव्हते.

२

पिष्ट कमी खावे हा सल्ला आधुनिक समजला जातो. त्याचीही वंशावळ जुनी आहे. आयुर्वेदाच्या संहितांत प्रमेहाचे सविस्तर वर्णन आहे; गोड लघवीच्या त्या विकाराचा एक प्रकार म्हणजे मधुमेह. चरकाने प्रमेह्याच्या आहारात जवाला प्रमुख स्थान दिले. जव म्हणजेच सातू. म्हणजे जे धान्य वाटसरूच्या गाठोड्यात होते तेच वैद्याच्या पथ्यातही होते. सुश्रुताची एक सूचना तर आपल्या विषयाच्या दृष्टीने फारच बोलकी आहे. निर्धन आणि आप्तांवाचून असलेल्या प्रमेह्याने जोडे व छत्री न घेता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढून, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, असे तो सांगतो. त्या काळी हा विकार बैठ्या आणि सुखवस्तू माणसाचा मानला जाई आणि रस्ता हे त्यावरचे औषध होते. आज अंधेरीहून बोरिवलीपर्यंत दिवसभर रस्त्यावर असलेल्या माणसालाही तो विकार होतो, कारण तो रस्त्यावर असला तरी चालत नाही, बसलेला असतो : दुचाकीवर, रिक्षात, टेम्पोत.

पाश्चात्त्य इतिहासात पिष्टत्यागाची कहाणी सांगताना १८६३ हे साल हटकून येते. लंडनमधला अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक विल्यम बँटिंग याने त्या वर्षी आपल्या लठ्ठपणाविषयी एक पत्रवजा पुस्तिका प्रसिद्ध केली. पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडून आपण कसे हलके झालो हे त्याने त्यात लिहिले. पुस्तिका एवढी गाजली की त्याच्या आडनावाचे इंग्रजीत क्रियापद झाले. योगायोग असा, की त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. लंडनमध्ये एक सुखवस्तू गृहस्थ पाव सोडल्याची हकिगत छापत होता. मुंबईत एका मराठी लेखकाला आपल्या डोळ्यांसमोर वाढणाऱ्या शहराची नोंद करून ठेवावीशी वाटत होती. पहिल्या पुस्तकातला प्रश्न दुसऱ्या पुस्तकातल्या शहरात येऊन पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली. तो आला तेव्हा मात्र सुखवस्तूंपुरता उरला नव्हता.

३

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि १८६७ साली विरारपासून मुंबईपर्यंत गाडी धावू लागली. घर आणि काम यांत अंतर पडण्याची ही सुरुवात. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी घरचे जेवण कचेरीत पोहोचवण्याचा जो व्यवसाय सुरू केला, तो या अंतराचेच अपत्य होय. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेल्या माणसांनी तो उभा केला आणि १९५६ साली त्यांच्या संघटनेची न्यास म्हणून नोंदणी झाली. डबेवाल्यांच्या अचूकतेविषयी एवढे लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती डब्याच्या झाकणावरची खूण. त्या खुणेत कोणत्या स्टेशनावर उतरवायचे, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर न्यायचे हे असते. ज्याला इमारत आणि मजला आहे त्यालाच डबेवाला जेवण पोहोचवू शकतो. ही व्यवस्था घडली ती बैठे काम करणाऱ्या पगारदारासाठी.

उपनगरे या पगारदाराची निवासस्थाने म्हणून वाढली. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९२८ साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत गेली. १९५० साली महापालिकेची हद्द अंधेरी, घाटकोपर यांना सामावून पुढे सरकली आणि १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. सकाळी माणसे उत्तरेकडून दक्षिणेकडे जात, त्यांच्यामागून दोनतीन तासांनी त्यांचे डबे जात आणि दुपारी रिकामे डबे परतत. घरी बाई, कचेरीत पुरुष आणि मधे डबेवाला अशी ही रचना होती. तिच्या केंद्रस्थानी ताजे आणि शक्य तितके गरम असे घरचे जेवण होते. शिळ्याविषयीची जुनी नावड आधुनिक शहरात अशा रीतीने टिकून राहिली. तिच्यासाठी पहाटे कोण उठत होते, हा प्रश्न त्या काळात फारसा कोणी विचारला नाही.

स्वातंत्र्यानंतर उपनगरांना कारखानेही मिळाले. घाटकोपरपासून विक्रोळी-भांडुपमार्गे मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना आणि अंधेरीला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत ते उभे राहिले. इथे १९४८च्या कारखाना कायद्यातली एक तरतूद आठवावी. दीडशेहून अधिक कामगार असतील तिथे विश्रांतीची खोली आणि कामगारांना घरून आणलेले जेवण खाता येईल अशी, पिण्याच्या पाण्याची सोय असलेली जागा असावी, असे त्या कायद्याने सांगितले. अडीचशेहून अधिक कामगार असल्यास उपाहारगृहही असावे. सलग पाच तासांहून अधिक काम नको, मधे किमान अर्धा तास विश्रांती हवी, हेही त्यात होते. डबा उघडायला छप्पर आणि वेळ हा कामगाराचा हक्क आहे, हे कायद्याने मान्य केल्याचा हा क्षण होता. आपल्या खाद्यसंस्कृतीवरच्या लेखनात पाककृतींना जेवढी जागा मिळते तेवढी या कलमांना मिळत नाही. मिळायला हवी.

ज्यांना घरचा डबाच नव्हता त्या गिरणगावातल्या एकट्या कामगारांना खाणावळवाल्या बायकांनी जेवू घातले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. १९८२चा गिरणी संप आणि त्यानंतर गिरण्या बंद पडत जाणे हा इतिहास सर्वज्ञात आहे. उपनगरांतले कारखानेही पुढच्या दशकांत एकेक करून बंद पडले किंवा बाहेर गेले. त्यांच्या जागांवर निवासी मनोरे, मॉल आणि काचेच्या कचेऱ्या आल्या. कारखान्याबरोबर जेवणाची खोलीही गेली. त्या खोलीत ज्यांनी जेवायचे, त्यांच्यापैकी कित्येकांची पुढची पिढी रस्त्यावरच्या कामाला लागली.

४

या दरम्यान डब्यातले अन्नही बदलत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. पुढे १९५६पासून अमेरिकेच्या पीएल ४८० योजनेखाली गव्हाचा मोठा पुरवठा येऊ लागला. देशावरून आलेल्या आणि ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या माणसांच्या ताटात गहू रोजचा झाला. त्यात डब्याची स्वतःची एक निवडही होती. भाकरी गरम असते तोवरच मऊ. थंड झाली की कडक होते. पीठ शिजताना फुगलेले पिष्टाचे कण थंड होताना पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात, त्यामुळे हे घडते. गव्हातल्या चिकट प्रथिनांमुळे आणि तेलाच्या बोटामुळे पोळी दुपारपर्यंत घडी घालण्याजोगी राहते. 'पोळी-भाजीचा डबा' हा जो शहरी नमुना रूढ झाला, त्यामागे रेशनचे कार्ड आणि थंड पिष्टाचा हा स्वभाव अशा दोन्ही गोष्टी होत्या. ज्यांना तोही जमला नाही त्यांना पावाने आधार दिला. दादर स्टेशनाबाहेर १९६६च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली असे सांगितले जाते. बटाटा, बेसन आणि पाव म्हणजे पिष्टावर पिष्ट; पण एका हाताने, उभ्याने, ताटवाटीवाचून खाता येणारे दुसरे स्वस्त जेवण शहरापाशी नव्हते. १९९५ साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली, तीही याच गरजेची सरकारी कबुली होती.

रस्त्यावरचे खाणे पिष्टमय होण्याला आणखी एक कारण आहे आणि ते अधिक अवघड आहे. टिकणारे, कोरडे, पिष्टरहित अन्न आपल्या उपनगरांत पूर्वीपासून होतेच. वेसाव्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळतात, गोराई-मनोरीला मासळी सुकते. सुका बोंबील, सुकट, सोडे हे बहुतांशी प्रथिनांचेच अन्न असून ते महिनोन्‌महिने टिकते. भाजून केलेली सुकटीची चटणी थंडच खाल्ली जाते. अंधेरीच्या माणसाला पिष्ट टाळून थंड डबा भरायचा असेल तर त्याचा सर्वांत जुना स्थानिक नमुना कोळीवाड्यात आहे. परंतु तो डबा तो उघडणार कुठे? लोकलच्या डब्यात, कचेरीत, रिक्षाच्या थांब्यावर त्या वासावरून नाके मुरडली जातात. काही गृहनिर्माण संस्थांत तर मांसमच्छी खाणाऱ्याला घरच नाकारले जाते, हा अनुभव उपनगरांना नवा नाही. थेपले आणि खाकरे डब्यातून डब्यात सहज फिरतात; सुकट फिरत नाही. चारचौघांत उघडता येईल असे अन्न बहुधा पिष्टमय आणि शाकाहारी असते. काय टिकते याबरोबरच काय खपवून घेतले जाते यावरही शिदोरी ठरते. सोवळ्याचा जुना नियम नाहीसा झालेला नाही. त्याने वासाचे रूप घेतले आहे.

५

आजच्या परिस्थितीकडे वळू. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना, मधुमेह आहे. त्याच पाहणीवर आधारित २०२५च्या अभ्यासानुसार भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. या अभ्यासातला एक निष्कर्ष आपल्या भावनांना थोडा धक्का देणारा आहे. पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्ये घेतली, पण पिष्टाचे एकूण प्रमाण तेच राहिले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. म्हणजे 'आजीच्या भाकरीकडे परत चला' एवढ्याने भागणार नाही. आजी भाकरी खात होती आणि कोसभर चालतही होती. त्यातली भाकरी तेवढी परत आणून उपयोग नाही.

मग डब्यात काय भरावे? या प्रश्नाचे उत्तर देणारी पाने पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी दुसऱ्या हवामानासाठी लिहिलेली असतात. थंड मांसाचे काप, चीज, अंड्याचे सॅलड हे लंडनच्या डिसेंबरात ठीक आहे. मुंबईच्या मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत ठेवलेला डबा चार तासांत काय होतो हे वेगळे सांगायला नको. शिजवलेले अन्न बाहेरच्या तापमानात दोन तासांहून अधिक आणि ३२ अंशांवरच्या उन्हाळ्यात तासाहून अधिक ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण संकेत आहे. पनीर, अंडी, चिकन, मोड आलेल्या कडधान्यांची ओली उसळ या साऱ्यांना तो लागू पडतो. ते न्यायचे तर बर्फाची थैली आणि उष्णतारोधक पिशवी हवी. त्यांच्यावाचून टिकणारे म्हणजे शेंगदाणे, भाजलेले तीळ, खोबरे, जवसाची किंवा कारळाची चटणी, काकडी-मुळा-गाजर न चिरता, आणि चालत असल्यास सुकी मासळी. दक्षिण अमेरिकेतून आलेला शेंगदाणा इथे उपकारक ठरतो : शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि पिष्ट थोडे. फुटाणे आणि बेसनाचा कोरडा झुणका यांत प्रथिने बरी असली तरी पिष्टही पुष्कळ असते, तेव्हा ते बेताने. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता पिष्ट एकाएकी कमी करणे धोक्याचे असते. साखर घसरून चालत्या वाहनावर भोवळ येण्याची शक्यता त्यात आहे, हे रस्त्यावर काम करणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे.

या यादीत दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली खर्चाची. पोट भरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग पिष्टाचाच आहे आणि प्रथिनांची वाटी नेहमीच महाग पडते. दुसरी श्रमांची. पिष्ट वगळून केलेला थंड डबा आदल्या रात्री भरून ठेवता येतो. पहाटे पोळ्या लाटाव्या लागत नाहीत. शिळ्याविषयीची नावड बाजूला ठेवली आणि घरात फ्रीज असला, तर हा डबा ज्याचा त्याला भरता येतो. 'गरम आणि ताजे' या आदर्शाचा भार इतकी वर्षे घरातल्या बाईने वाहिला. आता तीही कामावर जाते, आणि अनेकदा ते काम रस्त्यावरचेच असते. थंड डबा ही तडजोड वाटली तरी त्यात एका जुन्या अन्यायाची थोडीशी फेड आहे.

६

परंतु डब्यात काय भरावे याहून तो कुठे उघडावा हा प्रश्न बिकट आहे. मुंबईत ऑटोरिक्षाला मुभा आहे ती वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडे, उपनगरांतच. रिक्षाचालकाची मागची आसनपट्टी हीच त्याची जेवणाची खोली. औषध-प्रतिनिधी दवाखान्याच्या जिन्यात किंवा दुचाकीला टेकून खातो. घरपोच सेवा देणारा तरुण इतरांचे गरम जेवण पाठीवर घेऊन उड्डाणपुलाच्या सावलीत आपले थंड खातो. स्त्रियांची अडचण याहून मोठी. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून अनेकजणी दिवसभर पाणीच कमी पितात. २०११ साली मुंबईत सुरू झालेल्या 'राइट टू पी' चळवळीने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. हात धुवायला पाणी नाही, बसायला जागा नाही आणि वेळेचा भरवसा नाही, अशा माणसाला 'वेळेवर आणि मोजून जेवा' हे सांगणे सोपे असते.

१९४८च्या कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला जेवायला जागा दिली. विक्रीसाठी हिंडणाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी १९७६ साली स्वतंत्र कायदा झाला. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग' कामगाराची प्रथमच व्याख्या केली. पण रस्त्यावरच्या माणसाला दुपारी अर्धा तास बसायला छप्पर असावे, ही १९४८ची साधी कल्पना कारखान्याच्या भिंतीबाहेर अजून नीटशी आलेली नाही. उपनगरांत मंडया, नाट्यगृहे, उद्याने, मेट्रोची स्थानके आहेत. पाणी, सावली आणि चार बाके एवढ्यावर भागणारी ही गोष्ट आहे.

शेवटी भाषेविषयी. मराठीत 'भाकरीचा प्रश्न' म्हणजे उपजीविकेचा प्रश्न. नारायण सुर्वे यांच्यापासून दलित आत्मकथनांपर्यंत विसाव्या शतकातल्या आपल्या साहित्यात भाकरी ही भुकेची, हक्काची आणि माणूसपणाची खूण झाली. ज्या भाषेने एवढ्या कष्टाने भाकरी मागितली, त्या भाषेत 'भाकरी कमी करा' हे वाक्य सहज उच्चारता येत नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते सहज पचत नाही. त्यात वैद्यकीय तथ्य असेल, आहेच; पण ज्यांना ती पोटभर मिळाली त्याला दोनच पिढ्या झाल्या आहेत. त्यांना ती सोडायला सांगताना तिच्याऐवजी काय, त्याचे पैसे कुठून आणि ते खायचे कुठे, याची उत्तरे सांगणाऱ्याजवळ असली पाहिजेत. ती नसतील तोवर पथ्याचा तक्ता कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी रस्त्यावरच्या माणसाची दुपारची भूक वडापावच्या गाडीपाशीच थांबेल. भाकरीचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला आणि त्याच्या आतून दुसरा प्रश्न निघाला. त्याला मराठीत अजून चांगले नाव मिळालेले नाही.